चंद्रीला मधे घालून

आरशांची ओढणी. पितळी चरवी. अठ्ठ्याण्णव सालातला एक बुधवार. सेनगावची सातची जीप. नायकाच्या खिशातला शाईचा पॅड. धर्मसिंगच्या मिशा.

पैकी पहिली वस्तू त्या घडीला शेवटच्या वस्तूवर होती.

बाई माहेरी गेली की एखादी म्हैस अडून बसते. मग गडी बायकोचा घागरा नेसतो, ओढणी घेतो आणि म्हशीखाली बसतो. म्हशीला वास ओळखीचा लागतो. तांड्यात याला कोणी हसत नाही.

धर्मसिंगची बेबीबाई कालच्या एसटीनं माहेरी गेली होती. जाताना नवऱ्याला बजावून गेली, "दोन म्हशींवर घर चाललंय, कोनाचा रुपया अंगावर न्हाई. तुमी कर्जाला अंगठा दिला, तर मी तिकडंच ऱ्हाईन."

आणि धर्मसिंगनं तर पुनमचंद नायकापुढं तीनदा मान हलवली होती. पाच म्हशींचं कर्ज, शेत तारण. बँकेच्या साहेबाला दहा अर्ज देतो, असा शब्द नायक देऊन बसला होता. नायक म्हणजे तांड्याचा वडीलधारा. त्याच्या तोंडावर 'न्हाई' म्हणणं धर्मसिंगला जन्मात जमलं नव्हतं. बुधवारी सकाळी कागद घेऊन येतो, सातच्या जीपनं ते सेनगावच्या बँकेत न्यायचेत, असं नायकानं सांगूनच ठेवलं होतं.

तो आला. बेबीबाई माहेरी गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. ओढणी दिसताच दहा पावलांवर थबकला आणि पाठ फिरवून उभा राहिला. सुनेकडं बघायचं नाही, ही रीत. सून वडीलधाऱ्यांशी थेट बोलत नाही, हीही रीत. मधे कोणीतरी लागतं. मधे म्हैसच होती.

"चंद्रे," नायक म्हणाला, "इचार तुझ्या मालकिणीला, धर्मसिंग कुठं हाय?"

चरवीत दोन धारा वाजल्या. मग बारीक आवाज आला. "चंद्रे, सांग त्यायला, पेंड आणाया गेले."

"त्याचा अंगठा पायजे म्हनाव. पाच म्हशी येऊन राहिल्या दारात."

"चंद्रे, तुमा दोघींच्या कडब्यापायी आमचा जीव जातो. तुझ्या पाच सवती कोन पोसंल? कर्ज नको म्हनाव. जन्मात नको!"

शेवटचा 'नको' जरा जाड निघाला. नायक चमकला. पण वळायची सोय नव्हती.

"काहून गं चंद्रे," तो म्हशीवरच उखडला, "तुझी मालकीन इतकी तिखट? धर्मसिंग बिचारा देवमानूस. तो असता तर बराबर अंगठा दिला असता!"

कागद खिशात गेले. चपला फटफटत लांब गेल्या.

चंद्री मागच्या दिवाळीपासून धोतरातल्या धर्मसिंगलाही बिनतक्रार दूध देत होती.