कुर्डूच्या जागा

खिशात मावणाऱ्या त्या पुस्तकाचं पान रोपाला टेकवलं, की पुस्तक तणाचं नाव बोलून दाखवायचं. धोंडिरामनं ते बायकोला कौतुकानं आणून दिलं होतं. कुर्डू, टाकळा, घोळ... साऱ्या तिच्या रानभाज्या. अनसूया हरखून बांधाबांधानं हिंडली.

आज ती भाजी खुडायला गेली, तर जिथं जिथं पान टेकवलं होतं, तिथंच तेवढं करपलेलं. वर फवारणीचा ड्रोन घोंघावत होता.

"पुस्तक फवारणीवाल्यांना तणाच्या जागा कळवतं," बांधावर उभा धोंडिराम खालमानेनं म्हणाला. "रानातल्या जागा तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक? आणि विचारल्या असत्या तर तू थोड्याच सांगितल्या असत्यास!"

दुपारी तो जेवायला बसला.

"आज भाजी नाही?"

अनसूयेनं भाकरीशेजारी ते पुस्तक वाढलं.