बुधवारची सही

“नीट बघा. ही सही तुमचीच ना?”

कंपनीच्या वकिलांनी रजिस्टर रंगाऱ्याच्या अगदी नाकापाशी धरलं. दुसरा इलाजच नव्हता. रंगारी पलंगावर उताणा होता आणि मानेखालचं काही म्हणता काही हलत नव्हतं. दोन वर्षं झाली याला. त्याला कोर्टात नेणं शक्य नव्हतं, म्हणून कोर्टच घरी आलं होतं. साक्ष नोंदवायला नेमलेले म्हातारे कमिशनर, त्यांचा लॅपटॉप आणि दोन्हीकडचे वकील. एवढ्याशा खोलीत ही सगळी मंडळी मावली, कारण सकाळीच कपाट उचलून बाहेर ठेवलं होतं.

बायको उशाशी उभी होती. अंग पुसतानाच तिने नवऱ्याला बजावलं होतं, “तीन शब्द बोलायचे. सही माझी नाही. आणि मग तोंड बंद.”

इमारतीला बाहेरून रंग देताना त्याच्या झुल्याचा दोर तुटला होता. बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, तिसऱ्या मजल्यावर. दोर कुजलाय हे साऱ्या साइटला ठाऊक होतं. कंपनी मात्र म्हणत होती, दोर कामगाराने स्वतः तपासला, तशी रजिस्टरात सही केली, मग आमचा काय संबंध? हे रजिस्टर दोन वर्षं सापडत नव्हतं. गेल्या आठवड्यात ते बरोब्बर सापडलं, आणि बुधवारच्या पानात कागदाची खूण घालून आज इथे आलं.

सही त्याची ठरली की भरपाईची केस बुडाली. केस बुडाली की नर्स नाही, व्यायाम करून घेणारा माणूस नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची नळी सांभाळायची, पाठीच्या जखमा धुवायच्या, हे सगळं एकट्या बायकोने करायचं. तिची स्वतःची कंबर कधीच गेली होती. डॉक्टरांनी तिला बादली उचलायचीही मनाई केली होती, आणि ती रोज अख्खा माणूस उचलत होती.

त्यांच्या बाजूच्या वकीलबाई फी घेत नव्हत्या, पण फुकटच्या मानाने भलत्याच कडक होत्या. “खोटं बोलायचं नाही आणि माझ्यापासून लपवायचंही नाही,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं. रजिस्टराबद्दल विचारलं तेव्हा रंगारी म्हणाला होता, काही आठवत नाही. त्याला सगळं आठवत होतं. न बघता सही ठोकली, म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्याला वाटत होतं. आणि हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं?

“बोला. तुमची आहे की नाही?”

रंगारी सहीकडे बघत राहिला. शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट, खाली दोन टिंबं. साइटवरचे दोस्त चिडवायचे, लेका, सही करतोस की रांगोळी काढतोस? हा हात त्याचा होता. जिवंत होता तेव्हाचा. आता त्यालाच नाही म्हणायचं?

“माझीच आहे,” तो म्हणाला.

बायकोने त्याच्या कपाळावरचा हात काढून घेतला. वकीलबाईंनी हातातलं पेन मिटलं. कमिशनरांनी उत्तर टाइप केलं.

“वर काय छापलंय? मीच वाचतो. दोर व पट्टा तपासला, सुस्थितीत आहे. याखाली तुम्ही सही केलीत.”

“केली.”

“माझं एवढंच होतं,” म्हणत कंपनीच्या वकिलांनी रजिस्टर मिटलं.

“साहेब, जरा थांबा,” रंगारी म्हणाला. “पुढचं पान दाखवता?”

“कशाला?”

“त्याच्यावरपण माझी सही असेल. मला बघायचीय. दोन वर्षांत या हाताने चहाचा कप उचलला नाही मी. माझ्या हातचं आता तेवढंच राहिलंय.”

“अहो, इथे काय प्रदर्शन भरलंय?” वकिलांनी रजिस्टर काखेत मारलं.

“दाखवा हो. काय बिघडतंय?” कमिशनर म्हणाले. त्यांना त्या माणसाची दया आली होती. त्यांनी उठून रजिस्टर स्वतःच मागून घेतलं, बुधवारनंतरचं पान काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. तेच शेपूट, तीच दोन टिंबं. त्यांनी आणखी एक पान उलटलं. तिथेही होती. रंगारी त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

“शनिवारपर्यंत सापडतील बघा,” तो म्हणाला. “मुकादम सोमवारीच सगळ्यांच्या आठवडाभराच्या सह्या घेऊन ठेवायचा. रोज उठून कोण गोळा करत बसणार?”

कमिशनरांचा हात थांबला. त्यांनी एक पान मागे घेतलं, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, “गुरुवार. दोर व पट्टा तपासला, सुस्थितीत आहे.” मग खाली सहीवर बोट ठेवून त्यांनी मान वर केली.

“गुरुवारी हे कामावर होते?”

वकीलबाई ताडकन उभ्या राहिल्या, पण त्यांच्याआधी बायकोच बोलली.

“गुरुवारी? गुरुवारी तर यांच्या मानेचं ऑपरेशन चाललं होतं.”