उघडं पोर्ट

या, टेका हितं. वडगावच्या गुलजारभाईंच्या फोटो स्टुडिओचा किस्सा सांगतो. भाईंचं आन् शेजारच्या फ्लेक्सवाल्या गौरवचं वायफाय एकच. म्होरल्या कंप्युटरवरचे फोटो आतल्या प्रिंटरकडं झटक्यात जावेत म्हणून भाईंनी फायली शेअर करायचं पोर्ट, म्हंजी कंप्युटरचं दारच की, बिनपासवर्डाचं उघडं ठेवलेलं. त्याच दारानं व्हायरस शिरला आन् लग्नांच्या समद्या फोटोंना कुलूप घालून बसला.

नेमकी त्याच दिवशी तेजल आली. तिच्या लग्नाचा अल्बम अजून व्हायचाच होता, तवर तिचे आबा गेले.

"चाचा, आबांचा फोटो मोठा करून द्या. उद्या जलदानविधी हाय. मोबाईल दिसला की तोंड फिरवायचे. माझ्या लग्नात तेवढं तुमच्याम्होरं उभं राहिले."

भाईंनी फाईल दाबून बघितली, परत दाबली. उघडंना. 

"पोरी, जरा बस."

तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "गेला का वो फोटो?"

 तेवढ्यात भिंतीपल्याडनं समदं ऐकलेला गौरव पेनड्राईव्ह घेऊन आत आला, मान खाली घालून.

"चाचा, आधी हे घ्या, मग हाणा मला. वाढदिवसाच्या फ्लेक्सला धड फोटो कुणी देत न्हाई, म्हणून तुमच्या पोर्टातनं लग्नांचे समदे फोटो मी गुपचूप ढापत होतो. ताईचे आबा हायत ह्यात."


भाईंनी पोर्ट बंद केलं, पर गौरवला चोर तेवढं म्हणू नका बाबांनो.