आत्याचे गुडघे

नाकायिझाने सुजेवरची गोळी एका तळहातावर घेतली आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. बाहेर मांडवात पाहुणे केव्हाचे येऊन बसले होते. वरपक्षाच्या वतीने बोलणारा गृहस्थ माईकवरून लांबण लावत होता.

रीत अशी, की मुलीच्या आत्याने, म्हणजे नाकायिझाने, बाहेर यायचं, गुडघे टेकून पाहुण्यांना नमस्कार करायचा आणि एकसारखे पांढरे, पायघोळ कांझू घालून बसलेल्या तरुणांतून नवरदेव हुडकून काढायचा. तो ओळखीचा असला, तरी शोधल्याचं सोंग झालंच पाहिजे. हा एकदा गुपचूप भेटून गेला होता. एका भेटीत माणूस काय कळतो, असं नाकायिझाचं म्हणणं होतं.

"टेओपिस्टा, मला सांग, ही गोळी पोटात गेली की तिला गुडघा कसा सापडतो?"

टेओपिस्टा कर्करोगाच्या वॉर्डातली नर्स होती. "सापडत नाही, मावशी. ती अंगभर फिरते."

"म्हणजे बोलावलं एका घरी आणि हिंडते गावभर."

"आणि जाईल तिथे खोड्या करते. केमोमुळे तुमच्या रक्तातल्या पेशी आधीच कमी झाल्यात. पोटात रक्त सुटलं तर लवकर थांबायचं नाही. मूत्रपिंडांना त्रास तो वेगळाच. सोमवारी तपासणीत काही बिघडलेलं दिसलं, तर डॉक्टर केमो न देताच परत पाठवतील."

"एका गोळीने?"

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित होईल. मी खात्री कशी देऊ?"

हे उत्तर नाकायिझाला आवडलं. छातीत गाठ सापडल्यापासून तिला खात्रीने बोलणारी माणसंच फार भेटली होती.

"बरं, दोघांत वाईट कोण? गाठ की गुडघे?"

"संधिवाताने कोणी मरत नाही, मावशी."

"मरत नाही ग. नुसतं न्हाणीघरापर्यंत पोचायला अर्धी सकाळ जाते."

टेओपिस्टा हसली. "पॅरासिटामॉल घ्या की. आधी ताप मोजा, मग घ्या; नाहीतर त्या गोळीने ताप झाकला जातो."

"तसंच केलं. गुडघ्यांना पत्ताच नाही."

फोन ठेवला तेव्हा नवरी, नाबुकीरा, नटूनथटून समोर उभी होती.

"आत्या, तू खुर्चीवर बस ना. कोणी काही म्हणणार नाही."

"आज नाही म्हणणार. उद्या तुमचं वाजलं की म्हणतील, हिच्या आत्याने गुडघे तरी टेकले होते का?"

"मग घे ती गोळी," नाबुकीरा म्हणाली आणि लगेच तिचे डोळे भरले. "नको. नको घेऊस."

तिला लग्नही हवं होतं आणि आत्याही हवी होती.

नाकायिझाने गोळी उलटसुलट करून पाहिली आणि पाकिटात परत टाकली. "खाली बसायला गोळी लागत नाही," ती म्हणाली. "उठता येतं की नाही, ते बघू."

ती बाहेर गेली. मागून चार भाच्या चालत होत्या. मांडवाच्या मधोमध चटईवर तिने गुडघे टेकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी तिने नमस्कार केला, सगळ्यांची खुशाली विचारली, कोणाला वगळलं नाही. पाहुण्यांनीही सावकाश उत्तरं दिली.

मग उठायची वेळ आली. तिने चटईवर हात रेटला. पुन्हा रेटला. जागची हलली नाही. आत्या उठल्याशिवाय भाच्यांनी उठायचं नसतं, त्यामुळे त्याही मागे तशाच खोळंबल्या.

"काय हो आत्याबाई," माईकवाला ओरडला, "आमचा मुलगा काय चटईखाली लपलाय?"

मांडवात हशा पिकला. पांढऱ्या कांझूतले तरुणही हसले. नाकायिझा स्वतःही हसली, पण घाम तिच्या हनुवटीवरून टपटपत होता. तिला भीती वाटत होती.

तरुणांच्या रांगेतला एकजण हसला नाही. तो उठला, कांझू गोळा करत तिच्यापाशी आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"अरे, बस खाली!" माईकवाल्याने कपाळाला हात लावला. "तिला शोधू तरी दे!"

नाकायिझाने त्या तरुणाचं मनगट घट्ट धरलं. "सापडला!"

बायकांनी आरोळ्या ठोकल्या. वधूपक्षाने खेळ मोडल्याचा दंडही तिथल्या तिथे जाहीर केला. नवरदेवाने घाई केली नाही. ती सावरेपर्यंत थांबत, थोडं थोडं करून त्याने तिला उभं केलं. तिने सगळा भार त्याच्यावर टाकला.

"फार दुखतंय का, आत्या?" त्याने हळूच विचारलं.

"फार," ती म्हणाली. "ते असू दे. सोमवारी सकाळी तुझी गाडी मोकळी आहे का?"