थांब म्हणणारा हात

"अहो, उघडा ना हात," बायको म्हणाली.

उघडता आला असता तर उघडला नसता का? त्याने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुसऱ्या हाताने धरून मागे ओढलं. सोडल्याबरोबर दोन्ही परत तळव्याकडे वळली. तोंड धुताना स्वतःचंच बोट डोळ्यात जायचं. खिशातून हात काढायचा तर किल्ल्या, रुमाल, सगळं बाहेर यायचं. वडिलांचाही हात असाच झाला होता. घरात त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं, वय म्हणत होतं.

"उद्या डॉक्टरकडे जायचं. आता तुमचं काही एक ऐकणार नाही मी."

"जाऊ," तो म्हणाला. ती चमकलीच. एरवी त्याने दहा सबबी सांगितल्या असत्या.

तिला कारण ठाऊक नव्हतं. तो बांधकामावर क्रेनला इशारे द्यायचा. वर केबिनमध्ये ऑपरेटर, खाली हा. वॉकीटॉकी होते, पण मिक्सरच्या खडखडाटात त्यातून नुसती खरखर यायची. सगळा कारभार हातावर. पंजा सरळ उघडा म्हणजे थांब. बोटं मिटत-उघडत राहिली म्हणजे हळूहळू खाली. त्याचा पंजा आता या दोन्हींच्या मध्येच कुठेतरी अडकला होता. म्हणून दोनेक वर्षांपासून तो सगळ्या अंगाने इशारे द्यायला लागला होता. दोन्ही हात पसरायचा, कमरेतून वाकायचा, उड्या मारत मागे सरायचा. "चला, नाटक सुरू झालं रे!" कामगार ओरडायचे. तोही हसायचा. संध्याकाळी मात्र अंगात त्राण उरायचं नाही, जेवता जेवता झोप यायची.

आणि मागच्या आठवड्यात एक लोखंडी गर्डर नको तितका खाली आला. त्या दिवशी तो दोन खांबांच्या चिमटीत उभा होता. हात पसरायला जागाच नव्हती, नुसता पंजा वर केला. गर्डर थांबला नाही. खाली तो गर्डर बसवणाऱ्या फिटरने बोटं वेळेवर काढून घेतली म्हणून निभावलं. फिटरने एक शिवी हासडली आणि तो चहा प्यायला निघून गेला. हा मात्र तिथेच आपला पंजा बघत राहिला. पंजा उघडला नाही, म्हणून वरच्याची फसगत झाली. आज बोटांवर आलं, उद्या आपला हा हात कुणाचा तरी जीव घेणार. हे कुणाला सांगायची त्याची छाती झाली नाही.

"तळवा टेबलावर सपाट ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तळव्याखालून उंदीर निघून गेला असता. "कातडीखालचा पडदा आखडलाय. दोरी झालीय त्याची. दुखत नाही, म्हणून लोक अंगावर काढतात. ऑपरेशन करू. पण पुढेमागे परत येऊ शकतं, हे आत्ताच सांगून ठेवते."

"येऊ दे. सध्या उघडला म्हणजे झालं."

ऑपरेशन झटकन झालं. पुढचं मात्र संपता संपेना. तळहातावर नागमोडी टाके. झोपताना हाताला ताठ पट्टी बांधायची, की कूस बदलायची सोय नाही. टाके निघाल्यावर तळवा टेबलावर ठेवून वरून दाबायचा, रोज, पुन्हा पुन्हा. डोळ्यांतून पाणी यायचं. बायको शेजारी बसून "अजून थोडं, अजून थोडं" करायची, त्याचाही वैताग यायचा. मरू दे तो हात, असं वाटायचं. मग फिटरची बोटं आठवायची, आणि तो पुन्हा दाबायला लागायचा.

त्याच दिवसांत ऑपरेटरनेही पाठ धरली म्हणून रजा टाकली. बांधकामावर चेष्टेला ऊत आला. "एकाला ठेच लागली की दुसरा लंगडतो!" असं म्हणून लोकांनी बदली माणसांवर काम भागवलं. मग दोघे एकाच सोमवारी हजर झाले, तेव्हा टाळ्याच पडल्या.

हात उघडत होता. पुरता उघडत होता. पहिला गर्डर उचलला गेला, फिरला, खाली यायला लागला. तो एका जागी शांत उभा राहिला आणि त्याने पंजा वर केला. पाची बोटं सरळ. नाटक नाही, उड्या नाहीत. किती दिवसांनी असं माणसासारखं उभं राहायला मिळत होतं!

गर्डर येतच राहिला.

"अरे थांब! थांब!" तो हात पसरून मागे धावला. फिटरच्या हेल्मेटपासून हातभर अंतरावर गर्डर थांबला. फिटर मटकन खालीच बसला.

ऑपरेटर शिडीवरून उतरला. प्रत्येक पायरी पायाने चाचपत, सावकाश. चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालंय तुला आज? नुसता खांबासारखा उभा! आधीसारखं का नाही केलंस?"

"आधीसारखं कशाला करू? पंजा उघडतोय आता!" त्याने हात ऑपरेटरच्या तोंडासमोर धरला. "मागे तो गर्डर आला ना खाली, तो माझ्या ह्या बोटांमुळे. कुणाला बोललो नाही मी. तुला बोटं नीट दिसावीत म्हणून हात फाडून घेतला रे, आणि तू..."

ऑपरेटरने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"बोटं?" तो म्हणाला. "दोन वर्षं होत आली, डोळे अधू झालेत माझे, वरून मला तुझी बोटं दिसतच नाहीत. तू नव्हतास म्हणून तर पाठीचं निमित्त करून रजा टाकली मी. तू अख्खा हलायचास, तेवढंच दिसायचं."