महिन्याचा दर

"तुमच्याएवढ्या सलूनला अपॉइंटमेंटच्या सॉफ्टवेअरचे महिन्याला दोन हजार तरी पडतातच," विक्रेता म्हणाला. गिऱ्हाइकाचे केस कापता कापता मालकानं मान डोलावली. घासाघीससुद्धा केली नाही. आजवर फोन घेणं, वेळा देणं, ताटकळलेल्यांची समजूत काढणं, सगळं त्याची थोरली बहीण करत आली होती.

विक्रेत्यानं फोनपाशी बसलेल्या तिलाच सहज विचारलं, "ताई, सध्या तुम्हाला किती मिळतात?"

मालकाची कात्री थांबली. घरचंच दुकान म्हणून त्यानं तिच्या हातावर कधी दमडी ठेवली नव्हती.

"ह्याच्या दुप्पट," ताई शांतपणे म्हणाली आणि वाजणारा फोन तिनं उचलला.

समोरच्या आरशात ती नेमकी त्याच्या मागे दिसत होती. त्याला मान वर करवेना.