बिनशिट्टीचा कुकर

“शिट्टी कवा होणार?” नरसिंगनं तिसऱ्यांदा विचारलं. त्याच्यापुढं रिकामं ताट होतं.

“ह्याला शिट्टी नसते, अण्णा,” विलास बापाला म्हणाला.

“मग शिजलं हे त्याला कळतं कसं?”

हा प्रश्न विलासलाही पडला होता. थोरली बहीण मैत्रेयी हैदराबादला नर्स होती. तिनं हा विजेवरचा कुकर पाठवला होता. त्याला बारा बटणं होती. सूप, केक, दही, काय काय. भाकरीचं नव्हतं. खटकचिंचोळीत ज्याला जेवण म्हणतात त्यातलं वरण आणि भात तेवढं त्याला येत होतं. विलासला तेही येत नव्हतं.

आज गुरुवार. सोमवारी कडगंचीच्या विद्यापीठात हजर व्हायचं होतं. नरसिंगच्या घरात एम.ए.ला नंबर लागल्याचं गावभर झालं होतं. दोन दिवस नरसिंगनं पेढे वाटले आणि तिसऱ्या दिवशी अट घातली. रविवारपर्यंत पोरानं, आईचा हात न लागता, गिळता येईल असा वरण-भात करून दाखवायचा. नाही जमलं तर जाणं रद्द.

“पोटाचे हाल करून शिक्षण मला मान्य न्हाई,” तो म्हणाला. पोटाच्या बाबतीत नरसिंगची मतं पक्की होती.

विलास निवांत होता. पदवी घेऊन दोन वर्षं तो घरचं रान बघत होता. तूर जशी आपल्या वेळेनं येते तसा स्वयंपाकही येईल, अशी त्याची धारणा होती. झोप उडाली होती ती त्याच्या आईची, चांगुणाबाईची. कुकरपुढं पाट टाकून ती बसायची. मांडीवर जाडजूड पुस्तक, एक डोळा त्यात आणि एक पोराच्या हाताकडं.

“पाणी किती, माय?”

“बोटाचं पैलं पेर बुडंल इतकं.”

“इथं कप लिवलाय.”

“मग कपानं घाल. माझं बोट कुठवर पुरंल तुला?”

शेजारची भागाबाई विरजण मागायला आली आणि दारातच थबकली.

“चांगुणाक्का, सून बघायची सोडून पोराला भात कामून शिकवायलाव?”

“सून आली तरी भात लागतोच की.”

“आन् हॉस्टेलात कुकर चालू देत्यात व्हय?”

“न्हाई देत.”

“मग?”

“मग काय. माणसाला यावं.”

बिनशिट्टीचा कुकर आणि न बोलणारी सून, दोन्हींवर भरवसा ठेवू नये, असं सांगून भागाबाई विरजण घेऊन गेली.

शुक्रवारी विलासनं झाकणावरची खुट्टी उघडीच ठेवली. सगळी वाफ वर गेली, भिंतीवरचं कॅलेंडर ओलं झालं आणि तांदूळ आत गेले तसेच बाहेर आले. फक्त गरम. शनिवारी ऐन मध्यात करंट गेला. नरसिंगनं वरणात चमचा फिरवला. वर पाणी, तळाला तूर.

“वाटण्या झाल्यागत बसल्यात दोघं,” तो म्हणाला. “रद्द.”

चांगुणाबाई उठली. आत गेली. दाराआड भरून ठेवलेली ट्रंक तिनं उघडली, त्यातली पुस्तकं एकेक करून काढली आणि फळीवर परत लावली. धूळ नव्हती, तरी प्रत्येक पुस्तक पदरानं पुसलं.

विलासनं ते पाहिलं. पहिल्यांदाच त्याचा निवांतपणा ढळला. मैत्रेयीला फोन लावून त्यानं अर्धा तास प्रश्न विचारले आणि उत्तरं कुकरच्या खोक्यावर लिहून घेतली.

रविवारी त्यानं आईला घराबाहेर काढलं.

“तू लिंबाखाली बस. आत यायचं न्हाई.”

“हळद तरी—”

“दिसायलीय मला हळद.”

डाळ त्यानं आधीच भिजवली होती. पाणी कपानं घातलं. झाकणाचं रबर बसलंय का ते दोनदा चाचपलं, खुट्टी बंद केली, बटण दाबलं. मग बापलेक कुकरकडं बघत बसले. नरसिंगनं सवयीनं कान टवकारले होते. कुकर त्याची कदर न करता गप्प शिजवत राहिला. शेवटी पिक् पिक् केलं आणि थांबला.

वरण घट्ट होतं. भाताचं शीत न् शीत मोकळं होतं. नरसिंगनं कालवलं, पहिला घास बराच वेळ चघळला. वरण-भातात चघळण्यासारखं काही नसतं, पण निकाल द्यायचा होता.

“मीठ कमी हाय.”

लिंबाखाली पुस्तकाचं पान उलटायचं थांबलं.

“वाढ अजून,” नरसिंग म्हणाला. मग दाराकडं तोंड करून मोठ्यानं, “ट्रंक भरा म्हणावं.”

सोमवारी सकाळी तो ट्रंक उचलून एसटी स्टँडपर्यंत आला. गाडीत मायलेक शेजारी बसले. नरसिंगला बोलायचं बरंच होतं, पण भागाबाईही पोचवायला आली होती. म्हणून तो खिडकीच्या गजाला म्हणाला, “पोटाला खाऊन ऱ्हायचं.” गाडी निघाली तरी तो हात हलवत होता. चांगुणाबाईनं पदर डोळ्याला लावला. भागाबाईनंही लावला. लेकरू लांब जातं तेव्हा असंच होतं, असं ती नरसिंगला म्हणाली. नरसिंग घराकडं वळला.

कडगंचीला दुपार झाली. हॉस्टेलच्या खिडकीत वीरेश नावाचा क्लार्क होता. त्यानं कागद तपासले, फोटो तपासला, दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि शेवटचा फॉर्म बाहेर सरकवला.

“पालकाची सही.”

चांगुणाबाईनं पिशवीतून पेन काढून विलासच्या हातात दिलं. विलासनं सही केली. त्याखाली ‘पालकाचं विद्यार्थ्याशी नातं’ असा रकाना होता. त्यात त्यानं नीट अक्षरात लिहिलं: मुलगा.